कोठीची किल्ली

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील सभेत केलेले भाषण. बोलले गेले तसेच, थोडे आवरून छापले आहे.)



व्यासपीठावरची महाराज मंडळी, विणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी, मृदंगाचे साथीदार, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या, आणि कर्जत-खालापूरच्या गावांतून, वाड्यांवरून आलेले मायबाप हो,

आम्हाला सांगितलं होतं की शंभर वर्षांच्या आठवणी सांगा. आठवणी पुष्कळ आहेत आणि सांगणारी थोर माणसं आमच्या आधी बोलून गेली. आम्ही म्हणजे देवळाच्या पडवीतली भाताची कोठी सांभाळणारी मंडळी. बोलायला एक उभा आहे, पण बोलणं आमचं सगळ्यांचं आहे, आणि त्यातली अर्धी माणसं आत्ता खाली मांडवात मागच्या बाजूला बसली आहेत. ती मागं का बसली आहेत, तेही ओघात येईलच.

आपली वारी कार्तिकातली. घाटावरचे लोक विचारतात, तुम्ही आषाढीला का येत नाही? त्यांना काय सांगणार! आषाढात आपल्याकडे शेतं पाण्यानं तुडुंब, लावणीला माणूस मिळत नाही, चिखलातून पाय निघाला तर पंढरीची वाट धरायची ना. म्हणून कोकणातला वारकरी भात घरात आलं, खळं सारवून झालं की कार्तिक वद्य एकादशीला ज्ञानोबारायांच्या आळंदीला निघतो. खोपोली सोडायची, जुन्या रस्त्यानं बोरघाट चढायचा, शिंग्रोबाच्या देवळाशी दम खायचा, खंडाळ्याला थंडी अंगावर घ्यायची. आपल्या वाडवडलांनी हे शंभर वर्षं केलं.

आता त्याच घाटातली दुसरी वारी सांगतो. आपण टाळ वाजवत चढत असतो तेव्हाच आपल्या बाजूनं ट्रक जातात. ट्रकात बायकापोरं, बोचकी, तवा, हंडा, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं कुत्रं. दिवाळी झाली की आपल्याच वाड्यांवरचे कातकरी बांधव वीटभट्टीला निघतात ते हे. पुढचे सहासात महिने त्यांचं घर म्हणजे विटांचा आडोसा. पोरगं शाळेत दुसरीला असतं, ते ट्रकात चढलं की त्याची दुसरी संपली. पुन्हा वाडीवर येतात ते पाऊस तोंडावर आल्यावर. आम्ही कित्येक वर्षं त्या ट्रकांना वाट देण्यासाठी रस्त्याच्या कडेला सरकलो. पोरं हात हलवायची, आम्हीही हलवायचो, आणि पुन्हा चाल धरायची. एका वर्षी आमच्या एका टाळकऱ्याला ट्रकातून कुणीतरी नावानं हाक मारली. त्याच्याच शेतावर झोडणीला आलेली बाई होती. हाक ऐकून तो थांबला, पण बोलणार काय? ट्रक निघून गेला. खंडाळ्याच्या मुक्कामी त्याला जेवण गेलं नाही. कोठीचं बोलणं निघालं ते त्या रात्री.

ट्रक दिवाळीनंतर येतो, पण माणूस ट्रकात चढतो तो श्रावण-भाद्रपदात, हे आधी समजून घेतलं पाहिजे. लावणी असते तोवर हाताला काम असतं, दोन वेळची पेज पोटात जाते. लावणी आटोपली की काम थांबतं. डोंगरावर पाऊस, घरात काही नाही, भात अजून हिरवं. गणपतीच्या सुमारास भट्टीवाल्याचा मुकादम वाडीवर येतो आणि नवराबायकोच्या जोडीवर उचल देतो. पैसा हातात पडतो, तांदूळ-तेल येतं, आजाऱ्याला दवाखाना होतो, कुणाचं लग्न उरकतं. त्या पैशाच्या बदल्यात सगळं कुटुंब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बांधलं जातं. हिशेब मालकाच्या वहीत. वर्षाअखेर निघतो तो असा की, अजून इतके देणं लागता, पुढच्या साली फेडा. असं उचलीत माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. वेठबिगारीतून सोडवलेल्या माणसाचं पुनर्वसन करणं सरकारवर बंधनकारक आहे. हा कायदा वाडीवर कुणाला माहीत नव्हता. आम्हाला तरी कुठं होता?

ही गोष्ट केवळ कातकऱ्यांची नाही. ठाकूर, महादेव कोळी, डोंगराकडेचा कुणबी, सगळ्यांचीच कमीजास्त हीच गत. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाला कालव्याला येतं, त्या पट्ट्यात उन्हाळी भात होतं, दोन पिकं निघतात. डोंगराच्या कडेला मात्र एकच पीक आणि वरकसावर थोडी नाचणी-वरी. ज्याच्या घरात दोन पिकं आली तो देणारा झाला, एक पीक आलं तो घेणारा झाला. जुन्या काळी सावकार भाद्रपदात बारा पायल्यांचा मण द्यायचा आणि सुगीला सवाईनं पंधरा, दिढीनं अठरा पायल्या मोजून घ्यायचा. आपल्यातले काही लोक आता मान खाली घालून हसतायत. त्यांच्या आज्यापणज्यांच्या वह्या आहेत, आम्ही पाहिल्या आहेत. आमच्या घरातही एक होती.

वह्यांचं निघालं म्हणून तुकोबारायांची आठवण द्यायलाच हवी. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. घरची महाजनकी, लोकांकडे येणं. महिपतीबुवा सांगतात की तुकोबांनी भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. कीर्तनात ही कथा आपण हजारदा ऐकली. ऐकताना आपण तुकोबांच्या वैराग्याकडे बघतो. ज्यांची खतं बुडाली त्या कुळांकडे कुणी बघत नाही. त्या सालात त्यांच्या घरी काय झालं असेल? पुढच्या सुगीला आलेलं भात आपल्याच घरात राहिलं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असेल. आमच्या मनात ते घर बसलं आहे.

आता दामाजीपंत. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाचं कोठार उघडलं, लोक जगले, आणि पुढं विठू महाराच्या रूपानं देवानं बेदरला जाऊन ते देणं चुकतं केलं. कथा गोड आहे. पण आम्ही कोठी काढली तेव्हा एका आजोबांनी विचारलं होतं, 'तुमची कोठी रिकामी झाली की विठू महार येणार का रे भरायला?' सगळे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता. आपल्याकडे बादशहा नाही आणि देवाला दरवर्षी बेदरला पाठवायचं हे काही खरं नव्हे. कोठीतून गेलेलं भात कोठीत कसं यायचं, हा सगळा प्रश्न होता.

या मुलखात हे आपणच प्रथम केलं, असं कुणी समजू नये. माथेरानला १९१२ साली नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, वकिलीचं शिक्षण घेऊन परत आपल्यातच आले. १९४२ च्या लढ्यातला त्यांचा आझाद दस्ता, पाडलेले विजेचे मनोरे, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह आलेलं मरण, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याआधीचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. भाईंनी गावोगाव शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून धान्याची कोठारं काढली. आमच्या मते मनोऱ्याइतकंच ते कोठार मोठं. पुढं १९८० च्या दशकात कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आपल्याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. रीत अशी की कोठी वाडीनं चालवायची, अडीच्या दिवसांत भात घ्यायचं आणि सुगीनंतर थोडी वाढ घालून परत करायचं. केंद्र सरकारनंही १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकांची योजना आणली. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये झालं आणि त्याच्यामार्फत पावसाळ्यासाठी खावटी कर्ज मिळू लागलं. म्हणजे दुखणं सरकारलाही कळलं होतं. खावटी वेळेवर मिळाली तर बरी, पण पावसाळा कागदाची वाट बघत नाही.

तर आपल्या कोठीचं. आपल्या दिंडीचा नेम आहे की सुगीनंतर घरटी पायलीभर शिधा गोळा करायचा, त्यावर चार मुक्कामांच्या पंगती होतात. उरलेलं धान्य पूर्वी देवळासमोर लिलावात जायचं आणि पैसे समईच्या तेलाला, मृदंगाच्या पुडीला खर्च व्हायचे. खंडाळ्याच्या त्या रात्रीनंतर ठरलं की या साली लिलाव करायचा नाही. भात तसंच ठेवायचं. पडवीत कणगी शेणानं लिंपली, निर्गुडीचा पाला घातला, वर झाकण. उंदरांनी आपला वाटा घेतलाच, पण बरंचसं राहिलं.

पहिल्या साली आम्ही काय केलं ते ऐका, म्हणजे आमची अक्कल कळेल. आषाढी एकादशीचा मुहूर्त धरला. मंडप घातला. पाहुणे बोलावले. वाडीवरच्या बायांना ओळीनं उभं केलं आणि पाहुण्यांच्या हस्ते घरटी दोन पायल्या भात आणि केळी वाटली. फोटो काढले. एक म्हातारी भात पदरात घेईना. म्हणाली, 'भाऊ, फोटू कशाला काढतास? मी सुगीला परत देनार हाय.' आम्ही म्हटलं, आजी, परत द्यायचं नाही, हे दान आहे. तिनं भात घेतलं नाही. केळं मात्र नातवासाठी घेतलं. आम्हाला राग आला होता, खोटं का बोला! देवाचं धान्य नाकारते म्हणजे काय? त्या साली दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा आम्ही ज्यांना भात दिलं होतं त्यातलं एकही कुटुंब मागं राहिलं नाही. सगळी चढली.

त्या उन्हाळ्यात, लोक भट्टीवरून परत आल्यावर, आम्ही म्हातारीच्या अंगणात जाऊन बसलो. पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. तिनं आणि तिच्या भोवतीच्या बायांनी आमचा सगळा कारभार उलगडून हातात दिला. म्हणाल्या, आषाढात आम्हाला कशाला देता, तेव्हा लावणी असते, मजुरी असते. नारळी पौर्णिमेपासून घटस्थापनेपर्यंत चूल थंड असते, तेव्हा द्या. दोन पायल्यांनी काय होतं, आठ दिवस. मुकादमाला परत पाठवायचं असेल तर दोन महिन्यांचं पाहिजे. आणि फुकट देऊ नका. फुकटचं एकदा मिळतं, दुसऱ्यांदा मागायला तोंड होत नाही. घेतलेलं फेडलं तर पुढच्या साली ताठ मानेनं येता येतं.

मंडळी, आम्ही इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पंगती वाढल्या. आमच्यातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं की देण्याचा महिना देणाऱ्यानं ठरवू नये.

दुसऱ्या सालापासून नियम बायांनी घातले. घेतलेल्या मणामागं एक पायली वाढ, म्हणजे बाराला तेरा. वाढीची पायली उंदीर, सांडलवंड आणि नव्या घरांसाठी. ज्याला जमीन नाही त्यानं झोडणीची मजुरी भातात मिळते त्यातून द्यावं, तेही जमलं नाही तर कोठीच्या कामाचे दिवस भरावेत. कणगी लिंपणं, भात वाळवणं, पाखडणं, याला मजुरी लागतेच. कोणाला किती, हे वाडीच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरायचं. चिठ्ठी नाही, शिफारस नाही. आणि किल्ली.

किल्लीवरून आमच्यात जे झालं ते आजवर कुठं लिहिलं गेलं नाही, ते या ग्रंथात यावं असं आम्हाला वाटतं. बाया म्हणाल्या, कुलपं दोन लावा, एक किल्ली देवळाकडे, दुसरी वाडीकडे. दोघं असल्याशिवाय कोठी उघडायची नाही. यावर दिंडीची बैठक रात्री एक वाजेपर्यंत चालली. देवळाच्या पडवीची किल्ली वाडीवर? काही जण स्पष्ट बोलले, काही जण न बोलता उठून गेले. तेव्हा विणेकरी बाबांनी विचारलं, 'शंभर वर्षांत वाडीवरचा माणूस आपल्या दिंडीत किती वेळा चालला?' कुणाला सांगता येईना. पंगतीनंतर पत्रावळ्या उचलायला, पाण्याचे हंडे वाहायला, रस्त्यात चुली मांडायला वाडीची माणसं होतीच. टाळ कुणाच्या हाती दिला नव्हता. आपण ज्या संतांचं नाव घेतो त्यांनी चंद्रभागेच्या वाळवंटात भेद ठेवला नाही, आणि आपण आपल्या पडवीत ठेवला होता. किल्ली दिली. एका जुन्या घरानं त्या दिवसापासून दिंडीचा शिधा बंद केला, तो आजही बंद आहे. त्यांच्याविषयी मनात वाईट नाही, त्यांचा टाळ देवळात टांगलेला आहे.

मग कठीण साल आलं. भात कापणीला आलं असताना दिवाळीच्या तोंडावर पावसानं झोडपलं, लोंब्या शेतातच उगवल्या. कोठीत परत यायला पाहिजे होतं त्याच्या निम्मंही आलं नाही. आमच्यातले शहाणे म्हणाले, बघा, सांगितलं होतं ना, बुडवणार. आम्हीही आतून डगमगलो. वाडीच्या बायांनी बैठक घेतली आणि ज्यांचं पीक गेलं त्यांना एक साल मुदत दिली. ज्यांचं थोडंफार आलं होतं त्यांच्याकडून मात्र पायलीन् पायली मोजून घेतली. एका घरात भात असून देत नव्हते. दिंडीवाले आम्ही गप्प बसलो असतो, पण दुसरी किल्ली जिच्याकडे होती ती बाई त्या अंगणात जाऊन बसली आणि भात मोजून घेतल्याशिवाय उठली नाही. पुढच्या साली मुदतीतलं बहुतेक आलं. दोन घरांचं आलं नाही. त्यातलं एक घर कायमचं भट्टीकडेच राहिलं आहे, आणि दुसऱ्या घरातला कर्ता माणूस वारला. ती दोन नावं वहीत तशीच आहेत. खोडायची नाहीत असं ठरलं आहे, मागायचंही नाही.

याच सुमाराला इर्शाळवाडी झाली. १९ जुलै २०२३ ची रात्र. आपल्या खालापुरातली ठाकूरवाडी डोंगराखाली गाडली गेली. आपल्यातले कितीतरी जण त्या पावसात चिखल तुडवत वर गेले होते. आम्ही कपड्यांचा टेम्पो भरून चौकला नेला, तर तिथं कळलं की कपडे पुरून उरतील इतके झाले आहेत. वाचलेल्या लोकांना कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं, पुढं सिडकोनं पक्की घरं बांधली. मोठं संकट आलं की आपल्या लोकांचं मन किती मोठं होतं हे तेव्हा दिसलं. येताना टेम्पोत आम्ही एकच बोलत होतो. त्या डोंगरानं एका रात्रीत केलं ते सगळ्यांना दिसलं. श्रावण दरवर्षी वाडीवर सावकाश करतो ते दिसत नाही, आणि त्याला टेम्पो जात नाही.

आता काही जण म्हणतील, रेशन आहे की. आहे, आणि त्याची किंमत आम्ही कमी करत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो, अंत्योदयाच्या घराला पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. भुकेनं माणूस पूर्वीसारखा पिचत नाही, हे खरं. पण कुणाच्या कार्डावर सुनेचं नाव चढलेलं नाही, कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, विटा थापून बोटांच्या रेषाच गेल्या आहेत. आणि खरी गोष्ट अशी की आता उचल तांदळासाठी कमी आणि आजारपणासाठी, लग्नासाठी जास्त घेतली जाते. गाडगेबाबा कीर्तनात खराटा हातात घेऊन ओरडून सांगायचे की कर्ज काढून लग्न करू नका. तेच आता वाडीवर आणि आपल्या गावात, दोन्हीकडे सांगायची पाळी आहे. आपल्या गावाचं तर वेगळंच. जमीन फार्महाऊसला विकली, त्या पैशांत मांडव घातला, आणि आता त्याच जागेच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे आहोत. वाडीवरच्या माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आजारपणासाठी म्हणून बायांनी मागणी केली की कोठीत वाढीचं जे भात साठलं आहे त्यातलं थोडं विकून रोख पेटी करू. पुन्हा बैठक, पुन्हा तेच. देवाचं धान्य विकायचं? तेव्हा कुणीतरी आठवण दिली की आपण पन्नास वर्षं लिलावच तर करत होतो. पेटी झाली. आता तो पैसा बायांच्या बचत गटाला जोडला आहे. गटांची चळवळ आपल्या राज्यात जुनी आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासूनचं, नाबार्डनं गट बँकेला जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली, आता उमेद अभियान आहे. वाडीवर गट पूर्वीही निघाले आणि मोडले, कारण दिवाळीनंतर हप्ता भरायला वाडीवर कुणी नसायचंच. कोठीच्या भातावर जी घरं मागं राहिली त्यांच्यामुळं हा गट टिकला. शेळ्या घेतल्या, एकीनं मोहाच्या आणि रानभाज्यांच्या दिवसांत कर्जतच्या बाजारात बसायला जागा मिळवली, दोघी परसातल्या पालेभाज्या नेरळला नेतात. यात कुणी श्रीमंत झालेलं नाही. पण मुकादम आला की 'यंदा नको' म्हणता येतं.

किती घरांना म्हणता आलं, हे पाहुणे नेहमी विचारतात. खरं सांगायचं तर थोड्याच. आमच्या वाडीवरची अकरा घरं गेल्या साली ट्रकात चढली नाहीत. बाकीची चढली. त्यातल्या काहींनी मात्र निम्मीच उचल घेतली आणि पोरांना आजीपाशी ठेवून गेले, हेही धरायला पाहिजे. रोजगार हमीचं काम दिवाळीला लागून निघालं असतं तर आणखी काही घरं राहिली असती. हा कायदा आपल्या महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, देशानं तो २००५ मध्ये उचलला, आणि आपल्या वाडीला काम मागायचा अर्ज कसा भरतात हे दोन सालांपूर्वी कळलं. अर्जाची पोच घ्यायची असते, हे तर त्याहून उशिरा. दळी जमिनीच्या दाव्यांचंही तसंच. ती कागदपत्रं आमच्यातला एक निवृत्त गुरुजी आता बघतो. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून वाचायला एखाददुसरा तरुण हवा आहे. शताब्दीच्या मिरवणुकीत पुढं नाचणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं.

ज्या म्हातारीनं भात घेतलं नव्हतं ती गेल्या फाल्गुनात गेली. तिनं कोठीतून चार साल भात नेलं आणि चारही साल बाराला तेरा आणून घातलं. शेवटच्या साली पायली डोक्यावर घेऊन नातू आला होता, ती पडवीच्या पायरीवर बसून मोजणी बघत होती. तिचा नातू मागच्या कार्तिकात आपल्या दिंडीत टाळ घेऊन चालला. शिंग्रोबाच्या देवळाशी ट्रक आला तेव्हा त्यानं कुणालातरी हाक मारली. ट्रक थांबला नाही.

तर मागं बसलेली मंडळी. ती मागं बसली आहेत कारण पुढच्या सतरंज्या भरल्या तेव्हा त्यांना कुणी या म्हटलं नाही. भाषण झाल्यावर पंगत आहे. तेव्हा बघू.

आता कामाचं बोलतो आणि बसतो. या साली शिधा गोळा करायला आम्ही घरोघर येऊ, तो तांदूळ नको, भातच द्या, साठवणीत टिकतं. शक्य असेल त्यांनी कर्जत-१८४ किंवा कर्जत-३ चं चांगलं बियाणं पायलीभर वेगळं द्यावं, हळवं भात लवकर हाती येतं आणि वाडीला बियाण्यासाठी दुकानात उधारी करावी लागणार नाही. वाढीची एक कणगी नवी लिंपायची आहे, बांबूचं काम वाडीवर झालं आहे, शेण हवं. आणि मापाचा घोळ आहे. आमच्याकडे तीन पायल्या आहेत आणि तिन्हींत भात वेगवेगळं मावतं. ज्यांच्या घरी जुनी, छाप मारलेली पायली असेल त्यांनी सोमवारी काकड्यानंतर देवळात घेऊन यावी. दोन्ही किल्ल्या तिथं असतील.

रामकृष्णहरी.